पुरिंगचा उजवा हात

"हात! पुरिंगताई, हात कुठाय तुमचा?"

बेबेत कोच मैदानाच्या या टोकाहून ओरडली आणि त्या टोकाला तुतोंग उडीच्या दांडीसमोर थबकला. जीभ बाहेर, शेपूट हलतेय, डोळे पुरिंगच्या तोंडाकडे. काय करायचं ते सांगा, मी तयार आहे, असा त्याचा आविर्भाव. पुरिंग त्याच्यामागे दहा पावलांवर धापा टाकत उभी होती आणि तिचा उजवा हात अंगाला शिवून टाकल्यासारखा चिकटलेला होता.

"विसरले हो, कोच."

"दर रविवारी विसरता! कुत्रा डावीकडे असला की हात कसा झकास वर जातो तुमचा. उजवीकडे आला की तुमचं लाकूड होतं. त्या बिचाऱ्याला कळायचं कसं, कुठली उडी घ्यायची ते?"

खेळ ऐकायला सोपा आहे. मैदानावर वीसेक अडथळे मांडलेले असतात. उडीच्या दांड्या, कापडी बोगदा, नागमोडी पळायचे खांब, चढून उतरायची फळी, सीसॉ. कोणत्या क्रमाने जायचं ते माणसाला माहीत असतं, कुत्र्याला नसतं. माणसाने पळता पळता दाखवायचं आणि कुत्र्याने ते करायचं. कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही, आणि एक अडथळा जरी चुकीचा घेतला तरी फेरी बाद. मारिकिना शहराच्या नदीकाठच्या गवतावर दर रविवारी सकाळी हे चालायचं. येणारे कुत्रे एकाहून एक खानदानी, गाडीतून उतरणारे. गल्लीतला म्हणाल तर एकटा तुतोंग.

पुरिंगलाही तिथे कुणी बोलावलं नव्हतं. बाई बावन्न वर्षांची, अठ्ठावीस वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसलेली. कारखान्याच्या मागे चामड्याच्या कतरणींच्या पोत्यात तिला हे मूठभर पिल्लू सापडलं. रंग भाताच्या भांड्याला लागलेल्या खरपुडीचा, म्हणून नाव तुतोंग, म्हणजे खरपुडीच. मालकाने आठवडाभर ठेवायला परवानगी दिली आणि पिल्लू तिच्या मशीनखाली वर्षभर राहिलं. मग एका रविवारी चर्चमधून येताना तिने त्याला फिरायला आणलं, तर पठ्ठ्या पट्टा हिसडून मैदानात घुसला, बोगद्यातून आरपार गेला, चार दांड्या ओलांडल्या आणि परत येऊन तिच्या पायाशी बसला. पुरिंग लाजेने अर्धी झाली. बेबेत मात्र शिट्टी तोंडात धरून बघतच राहिली होती. "उद्यापासून... नाही, पुढच्या रविवारपासून यायचं तुम्ही," ती म्हणाली, "हा कुत्रा हिरा आहे हिरा."

आता त्या उजव्या हाताचं. पुरिंग विसरत वगैरे काही नव्हती. तिचा खांदा तीन वर्षांपासून आखडला होता. हात छातीपर्यंत यायचा, तिथून वर जायचं नाव नाही. मशीनवर त्याने काही अडत नसे. वरच्या फळीवरचं डाव्या हाताने काढायचं, केस मान खाली घालून विंचरायचे, कपडे दोरीऐवजी कुंपणावर टाकायचे, अशा तिच्या युक्त्या ठरून गेल्या होत्या. कारखान्यात ज्या बायकांचे खांदे धरले त्यांना मालकाने फार गोड शब्दांत विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. त्या अजून विश्रांतीच घेतायत. म्हणून पुरिंगने हे कुणाला कळू दिलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही. तासिओ तीनचाकी रिक्षा चालवायचा आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी त्याला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या मारिकिनाने तिच्या खांद्याची विचारपूस केली असती.

त्याला आपलं वेगळंच दिसायचं. "परत पलंगपोस कुंपणावर! दोरी काय मी शोभेला बांधलीय? बायको आळशी झाली रे, तुतोंग. कुत्र्यामागे पळायला हिला जोर आहे, दोरीपर्यंत हात न्यायला नाही."

"तुझं तोंड आवर आणि भात खा," पुरिंग म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा.

पहिली स्पर्धा फुकट गेली. पुरिंगला सणसणीत सर्दी झाली होती, लोकांना नको म्हणून तिने मास्क लावला होता. तुतोंग दोन उड्या मारून मैदानाच्या मध्यावर उभा राहिला तो उभाच. तिच्याकडे बघतोय, मान इकडे वाकडी, तिकडे वाकडी, पण पाऊल उचलेल तर शपथ. शेवटी परीक्षकांनी हात वर करून फेरी थांबवली.

दुसरीत तो वाऱ्यासारखा निघाला. नऊ अडथळे एकही चूक नाही. बेबेत काठावर मुठी आवळून उभी. आणि नेमका तेव्हा छत्रीखालून तासिओचा आवाज आला, "पुरिंग! अगं, अडोबोचा डबा कुठे ठेवलायस?" पुरिंगने पळता पळताच त्याला दाखवलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, तुतोंग गर्रकन वळला, भलतीच दांडी ओलांडून थेट छत्रीच्या दिशेने सुटला. फेरी बाद. तासिओला जेवणाचा डबा मिळाला.

त्या दुपारी बेबेतने तिला झाडाखाली बोलावलं. बाई तोंडाची फटकळ, पण मनात एक नि ओठांवर एक असलं तिच्यात नव्हतं.

"राग येईल तुम्हाला, पण बोलते. तुतोंग दोन वर्षांचा झाला. हीच वर्षं आहेत त्याची. तुमच्याकडे तो वाया चाललाय."

पुरिंगने तुतोंगचा पट्टा हाताला गुंडाळला.

"आपल्या मैदानावरच्या त्या जेरिकोचा कुत्रा म्हातारा झाला. तुतोंगला घ्यायला तो पोरगा तयार आहे. पाय बघितलेत ना त्याचे? रोज सराव करेल. पण मग कुत्रा त्याच्याकडेच राहायला हवा, दोन घरी राहून होत नाही हे." बेबेतने खाली बघितलं. "अजून एक स्पर्धा देते तुम्हाला. महिन्याने अँटिपोलोला. एकही चूक नसलेली फेरी आणा, नंबर नको, वेळेत पूर्ण करा फक्त. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर त्याच्या भल्याचा विचार करा."

नाही म्हणायला पुरिंगला एक शब्द पुरला असता. कुत्रा तिचा होता. पण तिने तुतोंगला बोगद्यातून बाहेर पडताना पाहिलं होतं. कान मागे, चारी पाय हवेत, सगळं अंग हसतंय. अठ्ठावीस वर्षांत तिला स्वतःला कधी कशात एवढा आनंद झाला नव्हता. तो त्याच्याकडून आपण हिरावून घ्यायचा, तोही एका आखडलेल्या खांद्यासाठी, हे तिला पटेना.

"बरं," ती म्हणाली. घरी जाताना तासिओच्या गाडीत ती सगळी वाट रडली. तो पुढे बसून मोठ्याने गाणं म्हणत होता, त्यामुळे त्याला पत्ता लागला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. तासिओच्या गाडीची सीट फाटली होती, तिचं कव्हर पुरिंग घरच्या मशीनवर शिवत होती. दोन्ही हात जाड रेक्झिनमध्ये अडकलेले. तुतोंग नेहमीसारखा मशीनखाली.

"माझी टोपी कुठे गेली?" तासिओने दारातून विचारलं.

पुरिंगने मान न वळवता ओठांचा चंबू करून खुर्चीकडे दाखवलं. इकडची माणसं दाखवतात तसंच. रस्ता विचारा, मीठ विचारा, सासूबाई कुठे बसल्यात विचारा, बोट कुणी उचलत नाही, ओठ पुढे काढून हनुवटी त्या दिशेला फेकतात. तासिओ खुर्चीवर शोधू लागला. तुतोंग मशीनखालून उठला, खुर्चीखाली शिरला आणि टोपी दातांत धरून बाहेर आला.

"घ्या! कुत्र्याला कळलं, नवऱ्याला नाही," तासिओ हसला.

पुरिंगचं मशीन थांबलं. तिने ओठ दाराकडे केले. तुतोंग दाराशी गेला. ओठ पलंगाकडे. तुतोंग पलंगाशी. पाण्याच्या बादलीकडे, चपलांकडे, पुन्हा दाराकडे. कुत्रा घरभर नाचला. मग तिने मशीन पुसायचं फडकं उचलून तोंडावर धरलं आणि डाव्या हाताने दार दाखवलं. तुतोंग मटकन खाली बसला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागला.

"अगं आई गं," पुरिंग म्हणाली. "मास्क!"

"काय मास्क?"

"सर्दी झाली होती ना मला तेव्हा. तोंड झाकलेलं होतं. आणि दुसऱ्या वेळी तू डबा विचारलास, मी ओठांनी छत्रीखालची पिशवी दाखवली. तो बिचारा पिशवीकडे निघाला, वाटेत दांडी आली तीही घेतली त्याने! चूक कुठे होती त्याची?"

तासिओने टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "म्हणजे माझ्या डब्यामुळे..."

"तुझ्या डब्यामुळे."

पुरिंगला सगळं लख्ख दिसलं. लहानपणापासून तो मशीनखाली बसून वर बघत आला होता आणि तिचे हात सदा चामड्यात. चेंडू कुठे गेला, पाणी कुठे आहे, बाहेर कधी जायचं, सगळं त्याला या तोंडानेच सांगितलं होतं. हातांची भाषा त्याला आलीच नव्हती. मैदानावर तिचा डावा हात वर जाई तेव्हासुद्धा तो हात बघतच नव्हता, हाताबरोबर नकळत पुढे येणारे ओठ बघत होता.

पुढचे तीन आठवडे ती पहाटे नदीवर जायची, दोन्ही हात पाठीमागे धरायची आणि तोंडाने कुत्रा पळवायची. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई हवेला पापे देतेय. बेबेतला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हाताचंही सांगावं लागलं असतं.

अँटिपोलोला स्पर्धेआधी माणसांनी कुत्र्याशिवाय मैदान चालून घ्यायचं असतं. तीस माणसं रिकाम्या हवेतल्या कुत्र्यांना हात करत, वळत, पुटपुटत फिरत होती. पुरिंग त्यांच्यात ओठ काढून फिरली. तेरा नंबरच्या बोगद्याशी ती थांबली. बोगद्याच्या तोंडाशी दोन दांड्या शेजारी शेजारी. डावी चुकीची, उजवी बरोबर. आणि तिथे कुत्रा तिच्या उजव्या बाजूला येणार. तिच्यामागून जेरिको चालत होता. "इथे हात लांबूनच दाखवायला लागेल, ताई," तो आपणहून म्हणाला. पोरगा भला होता. त्यामुळे तर तिला जास्तच वाईट वाटत होतं.

तासिओला तिने आधीच दम दिला होता. "आज मला काही विचारायचं नाही. आग लागली तरी नाही." त्याने शहाण्यासारखा एक अख्खा पांदेसाल पाव तोंडात कोंबला आणि छत्रीखाली जाऊन बसला. रांगेत एका बाईने विचारलं, "पट्टा ठेवायची टोपली कुठाय हो?" पुरिंगने ओठ घट्ट मिटले आणि दात दुखत असल्यासारखं "त्या... टेबलाखाली" म्हटलं. बाईला वाटलं, कसली शिष्ट आहे ही.

मग नाव पुकारलं. तिने पट्टा काढला. तुतोंग ओळीवर बसला आणि त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं.

पहिली उडी, दुसरी, तिसरी. फळीवर चढला, उतरताना नियमाप्रमाणे फळीच्या टोकाच्या पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवूनच उतरला. खांबांतून नागमोडी सरसर निघाला. पुरिंग त्याच्यामागे कशीबशी दुडकत होती. कुणीतरी हसलं, "अरे, बाई कुत्र्याला काय शिट्टी मारतेय का?" तिला ऐकू आलं आणि तिने मनावर घेतलं नाही. सीसॉ धाडकन खाली आदळला, तुतोंग हलला नाही, मग उतरला. बारा. तेरा. बोगद्यात शिरला.

तिथे तिचा घोळ झाला. सहा महिने दर रविवारी कोचचं "हात! हात!" कानात इतकं भिनलं होतं की बोगद्याचं तोंड दिसताच तिचा उजवा हात आपसूक वर निघाला. छातीपर्यंत आला आणि खांद्यात अशी कळ मारली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात आडवा होऊन अंगावरून डावीकडे पडला. तळवा सरळ चुकीच्या दांडीकडे.

तुतोंग बोगद्यातून बाहेर आला. हात डावीकडे दाखवत होता. काठावर बेबेतने डोळे मिटून घेतले.

पुरिंगला श्वास नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने होतं नव्हतं ते सगळं ओठांत आणलं आणि चंबू उजवीकडे फेकला.

कुत्र्याने हाताकडे ढुंकून पाहिलं नाही. उजवी दांडी घेतली. मग पंधरा, सोळा, लांब वळण घेऊन सतरा. पुरिंग आता पळतही नव्हती, जागच्या जागी उभी राहून तोंड फिरवत होती. अठरा घेऊन तो परत आला आणि तिच्या छातीवर उडी मारली, तेव्हा तिला कळलं की संपलं. परीक्षकांचा हात एकदाही वर गेला नव्हता. वेळ संपायला दोन सेकंद बाकी होते. बिनचूक फेऱ्या सात जणांच्या झाल्या, त्यात ती सातवी आली.

बेबेत तरातरा आली. "हात तिकडे गेला होता तुमचा. मी बघितलं. कुत्रा इकडे आला कसा?"

पुरिंगने सांगितलं. टोपीचं, मास्कचं, डब्याचं सांगितलं. बेबेत आ वासून ऐकत होती.

"ते ठीक आहे. पण मग हात मधेच का पाडलात?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "पडला तो. वर जातच नाही, कोच. तीन वर्षं झाली."

बेबेतने तिचं मनगट हळूच धरलं आणि उचलून बघितलं. हात छातीशी आला आणि थांबला. पुरिंगने दात आवळले. फटकळ बाईने तो तसाच हळूच खाली सोडला.

"आणि मी दर रविवारी तुमच्या नावाने ओरडत होते," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचं हो, ताई."

"सांगितलं असतं तर तुम्ही कुत्रा तेव्हाच मागितला असता."

"मागितला असता," बेबेतने कबूल केलं. मग ती जेरिकोकडे वळून ओरडली, "तू दुसरा कुत्रा बघ रे! हा नाही मिळायचा!" जेरिकोने लांबूनच दोन्ही हात जोडले आणि तो हसला.

तासिओ डबा घेऊन मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पांदेसाल कधीच संपला होता, तरी तो काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर त्याने गाणं म्हटलं नाही. घरी आल्यावर वरच्या फळीवरचं भाताचं पातेलं त्याने स्वतःच काढून खाली ठेवलं, आणि ते उद्यासाठी परत वर ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन निघालाच नाही. अंगणात ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून पुरिंग धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. तासिओ कपड्यांची दोरी सोडून खाली नवा खिळा ठोकत होता, तिच्या छातीच्या उंचीवर. दोरी अजून सैल होती, गुडघ्याएवढी लोंबत होती. तुतोंगने ती पाहिली, इकडून उडी मारली, तिकडून मारली, आणि पुढचं काय म्हणून पुरिंगच्या तोंडाकडे बघितलं.

"थांब रे, ही तुझी नाही," तासिओ त्याला म्हणाला. पुरिंगकडे त्याने बघितलं नाही. दोरी ताणून त्याने गाठ मारली आणि हाताने दोनदा ओढून बघितली.

पुरिंगने ओला पलंगपोस उचलला. हात छातीपर्यंत आले, तिथेच दोरी होती. तीन वर्षांनी तिने पहिल्यांदा दोन्ही हातांनी कपडा दोरीवर टाकला. पलंगपोसाची दोन्ही टोकं तिच्या मुठीत होती आणि वारा सुटला होता.

"चिमटे कुठायत?" तासिओने विचारलं.

पुरिंगने ओठांचा चंबू करून खिडकीकडे दाखवलं. नवरा आणि कुत्रा दोघेही निघाले. तुतोंग आधी पोचला.